चेनीला तेल

आमच्या घरात सायकल एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसं आठ-दहा, असा हिशोब बरीच वर्षं चालला. थोरले काका सकाळच्या पाळीला ती घेऊन ढोकीच्या तेरणा कारखान्यावर जात. ते परतले की आजोबा बाजाराला, संध्याकाळी नाना दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीवर, आणि मधे जेवढा वेळ सापडेल तेवढा आम्हा पोरांचा. आधी आडव्या नळीखालून पाय घालून कैची मारायची, मग नळीवर बसायचं, मग सीटवर. सीटवरून पाय पुरायला लागले की तो पोरगा घरात मोठा धरला जाई आणि दुसऱ्या दिवसापासून दळणाला त्यालाच धाडत.

ही सायकल काकांच्या लग्नात आली होती. सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाला की लग्न मानाचं झालं, असं तेव्हा गावोगाव म्हणत. त्या चालीचं कौतुक करावं असं काही नाही. मुलीच्या बापाने त्यासाठी काढलेलं कर्ज कसं फेडलं हे त्याच्या रानालाच माहीत. पण सायकल दारात आली आणि सगळ्या घराची झाली, हे खरं. तेव्हा आमच्या आजच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि 1982 पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं.

आता आम्ही चुलत, मावस, आते भावंडं पुणे, सोलापूर, लातूर, धाराशिव अशी विखुरलो आहोत. लग्नकार्यात एकत्र आलो की जेवणं उरकल्यावर बोलणं त्या सायकलीवर येतं, आणि त्यातही जास्त करून तिच्या चेनीवर. पंक्चरच्या आठवणी कुणी काढत नाही. बांधाबांधाला बाभळी होत्या, पंक्चर रोजचंच होतं. चेनीचं तसं नव्हतं. तिला घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हात लावलेला. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळी पाच बोटं घेऊन घरी आला नाही असा आमच्यात एकही नाही.

चेन पडायची ती बहुधा चढावर, माणूस पायडलवर उभा राहून सगळा भार घालतो तेव्हा. येडशीच्या रामलिंगाच्या घाटात ती हमखास पडे. सायकल उभी करायची, वाळलेली काडी शोधायची, काडीने चेन उचलून आधी मागच्या फ्रीव्हीलवर बसवायची, मग पुढच्या दातांच्या चाकावर जेवढी चढेल तेवढी चढवून पायडल हळूच फिरवायचं. टक् असा आवाज झाला की चेन बसली. हात मातीत चोळायचे, उरलेलं काळं घाणेरीच्या पाल्याला पुसायचं आणि निघायचं. एवढं सातवी-आठवीच्या पोराला येत नसेल तर त्याला एकट्याला सायकलवर परगावी जाऊ देत नसत. आमच्या मते तो नियम योग्य होता.

पण चेन वारंवार पडायला लागली की आजोबांच्या कपाळाला आठी पडे. चेन उगाच पडत नाही. एक तर ती ढिली झालेली असते, नाही तर मागचं चाक तिरकं बसलेलं असतं, नाही तर दात झिजलेले असतात. आजोबा सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करत, चेनीच्या मधोमध बोट घालून वर-खाली करून बघत. अर्धा इंच हलली तर ठीक. जास्त हलली तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक खाचेत थोडं मागे ओढायचं, दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना ते बघायचं, नट आवळायचे. फार ताठही करायची नाही. ताठ चेन पायडल जड करते आणि स्वतःही लवकर झिजते. आजोबांची शाळा झालेली नव्हती, पण हा अर्धा इंच त्यांचा कधी चुकला नाही.

आमची सायकल ॲटलास होती. ही कंपनी सोनीपतची, 1951 सालची. शेजाऱ्यांकडे हीरो, लुधियानाची, 1956 सालची. दोन्ही घरांत आपलीच सायकल भारी असं चाले, पण चेनीच्या बाबतीत दोघांचं सारखंच होतं, कारण माप एकच. अर्ध्या इंचाच्या कड्या, इंचाच्या आठव्या भागाएवढी रुंदी. कोणत्याही कंपनीची चेन कोणत्याही काळ्या सायकलीला चालायची. बार्शीहून आणा, तुळजापुरातून आणा, लातूरहून आणा. हे साधं वाटतं, पण खेड्यातल्या माणसाला सायकल परवडली त्याचं हे एक मोठं कारण आहे. भाग जर कंपनीगणिक वेगळे असते तर तालुक्याच्या दुकानात ते ठेवले कुणी असते?

या चेनीची घडण हान्स रेनॉल्ड नावाच्या कारागिराने 1880 साली मँचेस्टरमध्ये बसवली. प्रत्येक इंचात दोन बाहेरच्या पट्ट्या, दोन आतल्या, दोन पिना, दोन बुश, दोन रोलर. एकूण दहा तुकडे. पुरी चेन साडेचार फुटांच्या आसपास भरते, म्हणजे पाचशेच्या वर सुटे तुकडे एकमेकांत फिरत असतात. रेनॉल्डनंतर सायकली किती बदलल्या, पण साध्या सायकलीची चेन आजही त्याच घडणीची आहे. आपल्याकडच्या बहुतेक शंभर सीसीच्या मोटारसायकलींची चेनसुद्धा कडीला अर्धा इंचच भरते, फक्त रुंद आणि जाड असते.

आता तेलाकडे येतो, कारण आमच्या घरातले सगळे वाद तेलावरून झाले.

आमच्याकडे खाण्यात करडईचं तेल. घरात डब्याने असायचं, म्हणून चेन वाजली की आम्ही पोरं पळीभर तेल चोरून चेनीवर ओतत असू. दोन दिवस चेन गुपचूप चाले. मग ती चिकट व्हायची, आणि चिकटीवर काळ्या रानाची धूळ बसून कड्या अक्षरशः आखडायच्या. याचं कारण पुढे कळलं. करडईचं तेल वाळणारं तेल आहे. जवसाच्या तेलासारखं ते हवेत उघडं राहिलं की घट्ट होत जातं. रंग आणि वॉर्निशच्या धंद्यात त्याचा वापर होतो तो याच गुणामुळे. खोबरेल त्या मानाने बरं, पण मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत ते बाटलीतच गोठतं, चेनीवर काय वाहणार?

तिसरं तेल काकूंच्या शिवणयंत्राचं. पातळ, स्वच्छ, लहान बाटलीत, वर टोकदार नळी. चेनीला यापेक्षा चांगलं तेल त्या काळी घरात दुसरं नव्हतं. पण बाटली काकूंची. त्या मोजून थेंब देत आणि देताना विचारत, "आधी पुसलास का नाही?" पुसल्याशिवाय एक थेंब मिळत नसे. चौथं तेल फुकटचं, विहिरीवरच्या डिझेल इंजिनातलं जळकं ऑइल. नानांचा त्याच्यावर भरवसा, कारण दुधाची खेप पावसातही चुकवून चालत नसे आणि ते दाट ऑइल पावसाने लवकर धुऊन जात नसे. पण त्यात काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस असतो. ते चेनीला वंगणही देतं आणि आतून घासतही राहतं. काकू आणि नानांचा हा वाद कितीतरी पावसाळे चालला. आमच्या मते काकूंचं बरोबर होतं.

काकूंचा तो प्रश्न, आधी पुसलास का, त्याला पुढे मोठ्या प्रयोगशाळेचा पाठिंबा मिळाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी 1999 साली सायकलीच्या चेनी यंत्रावर फिरवून मोजल्या. पायडलने घातलेल्या शक्तीतली 98.6 टक्क्यांपर्यंत शक्ती चेन मागच्या चाकाला पोचवते, असं दिसलं. आणि दुसरी गोष्ट अशी की स्वच्छ प्रयोगशाळेत तेल घातलेली आणि न घातलेली चेन यांत शक्तीचा म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेलाचं मुख्य काम आतली जागा भरून धूळ बाहेर ठेवणं हे असावं, असा त्यांनी अर्थ लावला. आमच्या भागात हे लगेच पटतं. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्याची तांबूस धूळ, सुगीत खळ्यावरचा भुसा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. चिखल तर असा की मडगार्डात गच्च बसून चाकच फिरायचं थांबे आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागे. 72 च्या दुष्काळात थोरले काका त्याच सायकलीवर खडीच्या कामावर जात होते. तिथली पांढरी भुकटी चेनीत बसली की दगडाच्या पिठात कड्या फिरायच्या. अशा चेनीवर वरून तेल ओतणं म्हणजे धूळ आत ढकलणं. आधी पुसायचं, मग तेल.

चेन धुवायचं काम आमच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि सुगीनंतर, चेन उतरवली जाई. जोडाच्या कडीवरची बारीक क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने सरकवायची की चेन मोकळी. आक्का ती डालड्याच्या कापलेल्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवी आणि नारळाच्या शेंडीने घासून काढी. रॉकेल रेशनचं. ते आधी चिमणी-कंदिलाला, मग उरलं तर चेनीला. म्हणून काळं झालेलं रॉकेल फेकत नसत. रात्रभर स्थिर ठेवलं की गाळ खाली बसे, वरचं निवळ दुसऱ्या बाटलीत ओतून पुढच्या खेपेला ठेवत. धुतलेली चेन खुंटीला टांगून वाळवायची आणि एकेका रोलरवर एकेक थेंब तेल घालायचं. थोड्या वेळाने बाहेरून पुन्हा पुसून काढायची, कारण बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. क्लिप परत लावताना आक्का बारकाईने बघायची: क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला, फट मागच्या अंगाला. उलटी लागली तर कशात तरी अडकून निसटू शकते. हे तिला दुकानदाराने एकदाच दाखवलं होतं.

पण आक्का त्या सायकलीवर कधी बसली नाही. आमच्या घरात मुलींनी सायकल चालवायची पद्धतच नव्हती. चेनीचा आवाज ऐकून कोणती कडी आखडली आहे ते ती चुलीपाशी बसून सांगायची, "चेन करकर करायलीय, तेल घाल की रं," म्हणून अंगणातल्या पोराला हटकायची, आणि तिची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून सातवीनंतर सुटली. सायकल दारात उभी असताना सुटली. आम्ही भावंडं आठवणी काढतो तेव्हा ही गोष्ट कुणी तरी काढतंच, आणि मग बोलणं थोडा वेळ पुढे सरकत नाही.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला नांगर, कुऱ्हाड, विळे यांच्या ओळीत सायकलही पुजली जाई. चेनीला नवं तेल, हँडलला झेंडूची माळ. त्या दिवशी मात्र ती कुणाला मिळत नसे.

मग खर्चाचा प्रश्न. सुतार, लोहार, चांभार यांचं बलुतं सुगीला ज्वारीत दिलं जाई. सायकलच्या दुकानदाराला बलुतं नव्हतं, त्याला रोख पैसे लागत. भर पावसाळ्यात घरात रोकड कुठून असणार? म्हणून नवी चेन हा शब्द निघाला की घरात दिवाळीपर्यंत, ऊस गेला की, तूर आली की, असे वायदे सुरू होत. त्या ओढाताणीतून एक उपाय रूढ झाला होता, तो म्हणजे कडी काढणे. चेन लांबली, चाक खाचेत मागे ओढून ओढून शेवटाला आलं, की दुकानदार एका नटावर चेन ठेवून सुंभा आणि हातोडीने पिन ठोकून काढी, इंचभर तुकडा कमी करी आणि चेन पुन्हा जोडून देई. खर्च जवळजवळ नाहीच. घरी आलं की सगळे खूश.

या उपायाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण तो अजून चालतो. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असं नाही. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते, आणि शंभरावर सांध्यांची मिळून लांबी वाढते. नव्या चेनीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या सांध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरतात. शाळेची फूटपट्टी लावून हे कुणालाही मोजता येतं. हेच अंतर बारा इंच आणि वर इंचाचा आठवा भाग झालं, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर वाढलं, की साध्या सायकलीची चेन संपली. ही झीज शंभरात एक झाली. साडेचार फुटांच्या चेनीत ती जेमतेम अर्धा इंच होते. आणि कडी काढायची तर पूर्ण इंच कमी करावा लागतो. म्हणजे कडी काढायची वेळ आली तेव्हा चेन बदलायची वेळ कधीच टळून गेलेली असते.

आणि झिजलेली चेन एकटी जात नाही. तिच्या कड्यांचं अंतर दातांच्या अंतराशी जुळत नाही, म्हणून ती दातांच्या टोकाशी बसून त्यांना खात जाते. दात बाकदार, आकड्यासारखे होतात. मग नवी चेन आणून घातली तरी ती त्या दातांवर उड्या मारते. शेवटी चेन, फ्रीव्हील आणि पुढचं दातांचं चाक, तिन्ही एकदम घ्यावी लागतात. आमच्या घरात हे घडलं, शेजारी घडलं, गावात घरोघरी घडलं. रोख पैसा नसलेल्या घराला दुसरा रस्ता नव्हता. पण स्वस्त काय आणि महाग काय याचा हिशोब मांडला तर काकूंचा मोजलेला थेंब आणि आक्काची रॉकेलची बाटली, हीच आमची खरी बचत होती. कडी काढणं ही उधारी होती, आणि ती पुढे तिप्पट फेडावी लागली.

नव्वदीनंतर घराघरात लुना आल्या, हीरो होंडा आल्या. आमची सायकल कडब्याच्या गंजीशेजारी गेली आणि एका भंगारवाल्याने नेली. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, ती बातमी आम्ही भावंडांनी एकमेकांना पाठवली.

सायकली मात्र जिल्ह्यातून गेलेल्या नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देतं. सकाळी कळंब, भूम, वाशी, लोहारा, कुठल्याही रस्त्याला उभं राहा, गणवेशातल्या मुली रांगेने सायकलवर येताना दिसतात. आक्काच्या नातीलाही अशी सायकल मिळाली. जी शाळा आजीची सुटली, त्याहून लांबच्या शाळेत ती रोज जाते. आक्का आता चष्मा लावून ओट्यावर बसते, आणि नात फाटकातून आत आली की पहिलं लक्ष तिच्या चेनीकडे: "करकर करायलीय पोरी. उद्या नको, आत्ताच तेल घाल."

पण प्रत्येक घरात आक्का नाही. नव्यानवलाईत चालवलेली सायकल वर्षभरात तांबेरून भिंतीला लागलेली आम्ही पुष्कळ घरी पाहिली. बहुतेकींना झालेलं काहीच नसतं. एका पावसाळ्यात चेन गंजलेली, आखडलेली, पडलेली. घरात ते करून देणारं कुणी नाही, गावातलं सायकलचं दुकान आता मोटारसायकलचं झालेलं. साध्या सायकलीची चेन आजही शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली त्याहून कितीतरी स्वस्त. एवढ्यासाठी मुलीची शाळा एसटीच्या वेळेवर अवलंबून राहावी, हे आमच्या पिढीने तरी चालवून घेऊ नये.

म्हणून आमच्या वयाच्या सगळ्यांना सांगणं आहे. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी जाल तेव्हा तेलाची एक बाटली, जुनं धोतर फाडून केलेल्या चिंध्या आणि एक फूटपट्टी बरोबर न्या. आपल्या भावकीतल्या, गल्लीतल्या, जमलं तर शाळेतल्या मुलींच्या सायकली उलट्या करा. चेन पुसा, मोजा, तेल घाला. संपली असेल तर कडी काढत बसू नका, दात खाल्ले जाण्याआधी तिला एकटीला बदला. आणि हे सगळं त्यांच्यासाठी करून देऊ नका, त्यांच्याच हातून करून घ्या.